पीडीटी केल्यावर काय काय होतं, आणि ते दोन दिवस घरात कसे काढायचे

आमच्या काकांच्या टकलावर तीन-चार ठिकाणी खरखरीत खपल्या होत्या, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागायचं. काका वीज मंडळात लाइनवर होते, पस्तीस वर्षं माळव्यातल्या उन्हात खांबाखाली उभे राहून काढली, वर कोकणस्थी गोरे-घारे आणि टोपीचा कंटाळा. काकू खोबरेल चोळत बसली दोन वर्षं. शेवटी एका खपलीतून रक्त आलं तेव्हा स्किनवाल्याकडे नेलं, त्यांनी तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं की हे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस आहे, म्हणजे उन्हानं बिघडलेली कातडी, कॅन्सर नाही पण असंच सोडलं तर त्यातला एखादा डाग पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, म्हणून फोटोडायनॅमिक थेरपी करू. पीडीटी म्हणतात त्याला.

आता दोन वेळा करून झालंय. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा आणि मार्चमध्ये परत. पहिल्या वेळी आमच्याकडून बऱ्याच चुका झाल्या, दुसऱ्या वेळी एकही नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, पुतण्या आहे, पण दोन्ही वेळा बाजूला बसलेलो आणि नंतर पुष्कळ वाचलंय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

हे नक्की करतात काय, ते आधी समजून घ्या

नाहीतर साइड इफेक्ट कळणारच नाहीत. क्रीम किंवा जेल लावतात, त्यातलं औषध (अमिनोलेव्ह्युलिनिक अ‍ॅसिड किंवा त्याचा मिथाइल भाऊ) आजारी पेशींमध्ये जातं आणि त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ बनतो. हा पदार्थ आपल्या शरीरात तसाही बनत असतो, रक्ताला लाल रंग देणारं हीम तयार होतानाचा तो एक टप्पा आहे, फक्त इथे तो मुद्दाम जास्त साठवतात. मग त्यावर ठराविक रंगाचा दिवा, निळा नाहीतर लाल. प्रकाश पडला की हा पदार्थ आजूबाजूच्या ऑक्सिजनला भडकवतो आणि तो भडकलेला ऑक्सिजन त्या पेशी जाळून टाकतो. म्हणजे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही एका जागी आले की जळणार. औषध कातडीत शिल्लक असेपर्यंत उजेड पडला तरी जळणार, मग तो उजेड क्लिनिकच्या दिव्याचा असो नाहीतर आपल्या अंगणातला. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

गंमत म्हणजे यातला साइड इफेक्ट आधी माहीत झाला आणि उपचार नंतर आला असं म्हटलं तरी चालेल. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं की अ‍ॅक्रिडिन रंगातले पॅरामेशियम (पाण्यातले एकपेशीय जीव) अंधारात टिकतात आणि उजेडात मरतात. आणि १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ नावाच्या डॉक्टरनं स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन (प्रोटोपॉर्फिरिनचाच एक भाऊबंद) टोचून घेतलं आणि उन्हात गेला, तर तोंड असं सुजलं की ओळखू येईना, आणि उन्हाचा त्रास पुढे कित्येक आठवडे राहिला. क्रीम लावून करायची पद्धत १९९० च्या आसपास आली, त्यामुळे आता सगळं अंग उन्हाला नाजूक होत नाही, लावलेली जागा तेवढी होते. नेटवर ‘तीस दिवस उन्हात जायचं नाही’ असं वाचून घाबरू नका, ते शिरेतून देतात त्या पॉर्फिमर इंजेक्शनबद्दल असतं, ते वेगळ्या कॅन्सरसाठी. क्रीमचा मामला साधारण ४८ तासांचा.

तारीख घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

आम्ही पहिल्या वेळी फक्त ‘बीपी आहे’ एवढंच सांगितलं होतं. पुरत नाही. औषधांची सगळी पाकिटं पिशवीत भरून घेऊन जा. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एच किंवा एचसीटी असतं, तो हायड्रोक्लोरोथायाझाइड, त्यानं कातडी उजेडाला नाजूक होते. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तेही तसंच, नायट्यासाठी ग्रिसिओफल्विन तेही, सल्फावाली औषधं तीही. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील, आपलं काम दाखवायचं. आणि आयुर्वेदिक आहे म्हणून लपवू नका, पांढऱ्या डागांसाठी बावची घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, बावचीत सोरालेन असतं आणि तेही उजेडाला कातडी भडकवणारंच.

दुसरं अ‍ॅलर्जी. हे मला फार उशिरा कळलं. मेटविक्स नावाच्या क्रीममध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, अमेलुझ जेलमध्ये सोयाबीनपासून काढलेला पदार्थ असतो. आता आपण इंदूरचे, सोयाबीनच्या राजधानीत राहतो आणि पोह्यांवर शेंगदाणे नसले तर बशी परत करतो, त्यामुळे कुणाला ही अ‍ॅलर्जी असेल असं डोक्यातच येत नाही, पण असते काहींना. विचारलं नाही तरी सांगा.

पॉर्फिरिया (हे पॉर्फिरिन शरीरात आपोआपच जास्त साठण्याचा आजार) किंवा ल्युपस असेल, उन्हात गेल्यावर अंगावर पुरळ येत असेल तर आधी सांगायलाच हवं, पॉर्फिरियात तर ही ट्रीटमेंट करतच नाहीत. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, ओठाशी वारंवार ताप उतरल्यासारख्या पुळ्या येत असतील (म्हणजे हर्पिस, तो पीडीटीनंतर परत उठू शकतो, काही डॉक्टर आधीच गोळी देतात), हेही. आणि जुनं काही भाजलं, पुळी फुटली तर तिथे काळा डाग राहतो का, हे आठवून सांगा. याच्याबद्दल खाली अजून लिहितो कारण आपल्या रंगाच्या लोकांना खरी काळजी त्याचीच आहे.

वेळ संध्याकाळची घ्या

ही माझी सगळ्यात कामाची टिप, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पहिल्या वेळी आम्हाला सकाळी दहाची वेळ मिळाली, आम्ही खूश. क्रीम लावलं, पट्टी आणि वर फॉइल, तीन तास बसवलं, मग दिवा, आणि बाहेर पडलो दुपारी दीडला, डोक्यावर रुमाल बांधून, स्कूटरवर. नोव्हेंबर असला म्हणून काय झालं, इंदूरची दुपार ती. घरी पोचेपर्यंत काका माझ्या पाठीत बुक्के मारत होते. दुसऱ्या वेळी चारला क्रीम, सातला दिवा, बाहेर आलो तेव्हा अंधार, आणि ऑटोनं घरी. अर्धं दुखणं तिथेच वाचलं.

मे महिन्यात करू नका जमलं तर. आणि रंगपंचमी बघून तारीख घ्या, काकांची दुसरी वेळ गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आठ दिवस आधी आली होती, राजवाड्यावर टँकरनं रंग उडतो तो उघड्या कातडीवर गेला तर काय होईल सांगायची गरज नाही. काका रुसले, पण गेले नाहीत.

दिव्याखाली

कंपाउंडर म्हणाला, ‘बाबूजी, थोड़ा चुनचुनाएगा.’ थोडं वगैरे काही नसतं. जळजळतं, टोचतं, मिरचीचा हात लागल्यासारखं, आणि टाळू-कपाळ-चेहरा या जागा सगळ्यात वाईट, जागा मोठी असेल तर अजून वाईट. काका म्हणाले होते खांबावरचा झटका यापेक्षा बरा, एकदाच लागतो. पण एक चांगलं आहे, सगळ्यात जास्त दुखणं पहिल्या काही मिनिटांत असतं, मग ते त्याच पातळीवर राहतं किंवा थोडं उतरतं. लाल एलईडी दिवा साधारण आठ-दहा मिनिटं असतो, निळा दिवा अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे १६ मिनिटं ४० सेकंद. हे आधी माहीत असलं की माणूस घड्याळाकडे बघून काढतो.

काय करता येतं: थंड हवेचा झोत किंवा पंखा मागा, पाण्याचा फवारा मागा, आणि सहन होईना तर ‘थांबवा’ म्हणा. दिवा मध्येच दोन-तीन मिनिटं थांबवून परत चालू करता येतो, आम्हाला पहिल्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि काका दात-ओठ खात बसले. जागा मोठी असेल तर नर्व्ह ब्लॉक (नसेपाशी इंजेक्शन) देऊन बधिर करतात, त्यानं खरंच फरक पडतो. घरून सुन्न करायचं क्रीम लावून जाऊ नका, त्यानं इथे फारसा उपयोग होत नाही आणि काही क्रीम औषधाचंच काम बिघडवू शकतात. पॅरासिटामॉल घ्यायची का ते विचारून घ्या. बीपीवाल्यांनी सकाळची गोळी चुकवू नये, दुखण्यानं दिव्याखाली बीपी चढतं, आमच्या वेळी चढलं होतं, मोजून बघायला सांगा. डोळ्यांवर चष्मा लावतात तो काढू नका, पेशंटनंही आणि बाजूला बसलेल्यानंही.

पहिले ४८ तास: ऊन नाही, उजेड

इथे आमची खरी चूक झाली आणि ती सगळ्यांची होते असं मला वाटतं. क्लिनिकनं इंग्रजी कागद हातात दिला, त्यात लिहिलं होतं दोन दिवस लाइटपासून जपा, आम्ही वाचलं ‘उन्हापासून जपा’. दुसऱ्या दिवशी सकाळी काका खिडकीपाशी पेपर वाचत बसले, खिडकी बंद, काच लावलेली, डोक्यावर सनस्क्रीन थापलेलं. दहा मिनिटांत ओरडत आत आले.

झालं काय ते नंतर कळलं. तो जो प्रोटोपॉर्फिरिन आहे तो सगळ्यात जास्त पितो ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश, आणि थोडा लालही, ६३० च्या आसपासचा. हा डोळ्याला दिसणारा साधा उजेड आहे. साधं सनस्क्रीन अडवतं मुख्यतः अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे ४०० च्या खालचं. काच तर हा उजेड आरपार सोडते. म्हणजे काका सनस्क्रीन लावून काचेमागे बसले तरी औषधाच्या दृष्टीनं उघड्यावरच बसले होते. या दोन दिवसांत सनस्क्रीनच्या भरवशावर राहू नका, कापडाच्या भरवशावर राहा.

दुसऱ्या वेळी मी आदल्या दिवशीच एक खोली तयार केली. सुदामानगरचं आमचं घर, पूर्वेची खिडकी, तिच्यावर जाड पडदा आणि त्यामागे काकूची जुनी गोधडी. खोलीतला साधा बल्ब चालू ठेवला, घरातला नेहमीचा मंद उजेड चालतो, पूर्ण अंधारात बसायची गरज नाही, उलट थोडा साधा उजेड बरा असं आमचे डॉक्टर म्हणाले. चालत नाही ते म्हणजे जवळचा तेज दिवा, डोक्याच्या वर लावलेला टेबल लॅम्प, दाताच्या डॉक्टरकडचा दिवा, सलूनमधल्या आरशाभोवतीचे दिवे. त्या दोन दिवसांत दुसरीकडे कुठे ऑपरेशन नाहीतर दातांचं काम ठरलं असेल तर तिथे सांगा.

दुसऱ्या रात्री काका म्हणाले, ‘अरे, आता तर सूर्य नाही, सराफ्यात जाऊन येऊ, गराडू खाऊ.’ सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू म्हणजे तिथला तळलेला कंद. सराफ्यात प्रत्येक गाडीवर डोक्याच्या वर हातभर अंतरावर भगभगीत दिवा असतो. काकू म्हणाली, ‘अहो, गराडू घरी तळते, बसा गप.’ मार्चमध्ये गराडू कुठून आणणार होती देव जाणे, शेवटी बटाटे तळले.

बाहेर जावंच लागलं तर जाड विणीचं गडद कापड. आपल्याकडच्या मुली स्कूटर चालवताना ओढणी जशी डोळे सोडून गुंडाळतात ना, तसं, पण दोन घड्या करून, नाइलॉनची झिरझिरीत नको. टाळूवर असेल तर रुंद काठाची टोपी आणि खाली सुती रुमाल. हेल्मेट घासतं, त्यामुळे त्या आठवड्यात स्वतः गाडी चालवायचीच नाही असं ठरवलेलं बरं.

मग पुढचा आठवडा-दहा दिवस

लाल होणार, सुजणार, गरम लागणार. हे बिघडलं म्हणून नाही, औषध काम करतंय म्हणून. कपाळ-टाळूवर केलं तर सूज खाली उतरते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या फुगलेल्या दिसतात, काकूनं तर रडायलाच सुरुवात केली होती. उशी दोन घेऊन डोकं उंच ठेवून झोपायचं, कापडात गुंडाळलेला थंड पॅक दहा-दहा मिनिटं. मग पाणी येतं, खपली धरते, खाजतं, आणि साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत खपली सुटून खाली गुलाबी कातडी दिसते. मध्ये पांढऱ्या बारीक पुळ्या येऊ शकतात, पू भरल्यासारख्या, पिंपल्ससाठी पीडीटी करणाऱ्यांना तर या जास्तच येतात आणि त्यांना वाटतं पिंपल्स वाढले. बहुतेक वेळा त्यात जंतू नसतात, आपोआप बसतात.

काळजी साधी आहे आणि साधीच ठेवा. दिवसातून एक-दोनदा कोमट नाही, साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं हलक्या हातानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही, आणि व्हॅसलीनसारखं साधं पेट्रोलियम जेली पातळ लावायचं. खपली ओढायची नाही. काका झोपेत ओढायचे म्हणून रात्री सुती टोपी घातली.

आता न लावायच्या गोष्टी, कारण घरात प्रत्येक आल्यागेल्याकडे उपाय असतो. हळद नको. टूथपेस्ट नको, हो, सुचवलं होतं एकानं. लिंबू तर अजिबात नको, लिंबाच्या सालीच्या रसात असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर वेगळंच भाजतं आणि महिनोन्‌महिने काळा पट्टा राहतो. मेडिकलवरून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका, त्यात बहुतेकदा स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध तिन्ही घोटलेलं असतं. स्टेरॉइड कधी कधी डॉक्टरच देतात सूज उतरवायला, पण ते मोजून, त्यांच्या सांगण्यावरून.

डाग, म्हणजे आपला खरा प्रश्न

या विषयावर जे छापलेलं मिळतं ते बहुतेक गोऱ्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं, त्यात काळ्या डागांवर दोन ओळी आणि दुखण्यावर दोन पानं. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ रंगात उलटं आहे. दुखणं दहा मिनिटांचं, डाग महिन्यांचा. कातडी भडकली की रंगद्रव्य जास्त बनतं आणि उपचाराच्या जागी काळपट चट्टा राहतो, काहींना उलट फिकट होतो आणि घरचे कोड आलं म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा हळूहळू, काही आठवडे ते काही महिन्यांत मिसळून जातं, क्वचित राहतं. काकांसारख्या गोऱ्या माणसाला टाळूवर काही दिसलंच नाही. पण माझ्या मावसबहिणीनं पिंपल्ससाठी केलं होतं, तिचा रंग माझ्यासारखा, तिच्या गालांवर चार महिने छाया होती.

म्हणून चेहऱ्यावर, पिंपल्ससाठी किंवा नुसतं ग्लो येण्यासाठी करत असाल, तर आधी विचारा की कमी वेळ क्रीम, कमी प्रकाश देऊन सुरुवात करता येईल का, एका छोट्या जागेवर करून बघता येईल का. मला विचाराल तर अ‍ॅक्टिनिक केराटोसिस, बोवेन्स डिसीज (कातडीच्या वरच्या थरातच असलेला सुरुवातीचा कॅन्सर), वरवरचा बेसल सेल कॅन्सर यांच्यासाठी डागाची जोखीम घेण्यात अर्थ आहे, लग्नाआधी तीन आठवडे गालांना चमक यावी म्हणून घेण्यात नाही. लग्न असेल तर सहा महिने आधी विचार करा.

कातडी पूर्ण भरून आली की मग सनस्क्रीन, रोज. इथे टिंटेड घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणारा उजेडही थोडा अडवतं, साधं पांढरं सनस्क्रीन डागांसाठी तितकं पुरत नाही.

फोन कधी करायचा

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढत असेल, पिवळा घाण वासाचा पू असेल, ताप असेल. बारीक पाण्याच्या फोडांचा घोस येऊन ठणकत असेल, तो हर्पिस असू शकतो आणि त्याची गोळी लवकर चालू केली तर फायदा. डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल. दिव्याच्या वेळी किंवा लगेच नंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर फोन नाही, सरळ कॅज्युअल्टी. आणि एक विचित्र गोष्ट, क्वचित पण नोंदलेली आहे, पीडीटीनंतर माणूस थोडा वेळ गोंधळतो, आत्ताचं आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं पाठवू नका ते यासाठीही.

व्रण सहसा राहत नाही, हे या उपचाराचं चांगलं अंग, पण खपली ओढली किंवा जंतू शिरले तर राहू शकतो.

दिव्याशिवाय, उजेडातच

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी हा पर्याय सांगितला होता, डेलाइट पीडीटी. आधी सनस्क्रीन लावतात, पण झिंक ऑक्साइड-टायटॅनियमवालं नाही, कारण ते दिसणारा उजेडही थोडाफार अडवतं आणि मग औषध नीट काम करणार नाही. मग जागा खरवडून क्रीम लावतात आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर दोन तास उजेडात. औषध साठायला वेळच मिळत नाही, बनतं तसं थोडं थोडं जळत जातं, त्यामुळे दुखणं फारच कमी. पातळ खपल्यांसाठी चांगलं. थंडीतल्या सकाळी बागेत सावलीत बसून होण्यासारखं आहे, एप्रिल-मेमध्ये मात्र दोन तास बाहेर बसवलं तर पीडीटीच्या आधी ऊनच लागेल. काकांच्या दोन खपल्या जाड होत्या म्हणून त्यांना लाल दिवाच दिला.

तीन महिन्यांनी परत दाखवायचं असतं, खपली गेली दिसली तरी, कारण वरून गेलेली खाली शिल्लक असू शकते आणि ती हातालाच कळते. मी दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी मोबाइलवर काकांच्या टकलाचा फोटो काढतो, बाजूला एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे डाग वाढला की आटला ते डॉक्टरांना एका नजरेत दिसतं. जूनमध्ये जायचंय. टोपी काकूनं खुंटीवर नाही, स्कूटरच्या किल्लीच्या खिळ्यावर टांगलीय, टोपी उचलल्याशिवाय किल्ली निघत नाही.